दुपारी चिकटणारे, पहाटे रुसणारे टायर : नाशकातला सव्वा वर्षाचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतली मंडळी इथूनच परत फिरतील. टायर जबरदस्त आहेत, पैसे वसूल, परत घ्यायची वेळ आली तर हेच घेईन. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला गाडी काढणाऱ्यांपैकी असाल तर पहिले आठ-दहा किलोमीटर यांच्या भरवशावर राहू नका, तेव्हा ते झोपेत असतात. आणि ज्या दुकानातून घेतले त्याला पाचपैकी साडेतीन, दीड स्टार कशापायी कापला ते खाली येईलच.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मी जे रडगाणं गाणार आहे ते एका कंपनीचं नाही, समर परफॉर्मन्स नावाच्या (उबदार हवेत जोरदार पकड देणाऱ्या) टायरच्या अख्ख्या जातीचं आहे, आणि दुकानदाराशी माझं आता चांगलं जमतं, उगाच त्याच्या पोटावर कशाला पाय द्या.

तर गाडी आहे टर्बो पेट्रोल सेदान, पुढच्या चाकांना ताकद, साईज २०५/५५ आर १६. कंपनीतून आलेले टायर ४८ हजार किलोमीटर चालले, गोटा नव्हते झाले, नक्षी अडीच मिलीमीटरच्या आसपास शिल्लक होती (कायद्याची खूण १.६ वर असते, नक्षीच्या खाचेत जी छोटी आडवी उंची दिसते ना तीच ती), पण रबर इतकं टणक झालं होतं की नख रुतत नव्हतं आणि पावसात कसारा उतरताना मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसायचो. म्हणून ठरवलं की यावेळी चांगले घ्यायचे, दसऱ्याच्या आधी. मित्रांनी सांगितलं परफॉर्मन्स टायर घे, एकदा ब्रेक मारून बघ, मग कळेल. घेतले. चारही मिळून पन्नास हजारांच्या थोडंसं खाली गेले, बायकोला आकडा दोन हप्त्यांत सांगितला.

पहिले दोन महिने म्हणजे नुसता आनंद. ऑक्टोबरची गरमी, रस्ता कोरडा, गंगापूर रोडवरून सोमेश्वरकडे जाताना ती वळणं आहेत तिथे गाडी रुळावरून चालल्यासारखी वळायची. ब्रेक मारला की सीटबेल्ट छातीत रुतायचा. स्टिअरिंगला एक वजन आलं, आधी जे लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं वाटायचं ते गेलं, रस्ता हाताला कळायला लागला. आवाज थोडा जास्त आहे, काँक्रीटवर घूंऽऽ असा येतो, आणि खड्ड्यात धक्का थेट कमरेत. अंबडला एमआयडीसीच्या रस्त्यावर गेलात तर दोन मिनिटांत पश्चात्ताप होतो. तेवढं चालतं.

मग थंडी आली.

माझं असं आहे की दर शनिवारी पहाटे मी निफाड तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेत जातो. मुंबई-आग्रा हायवेनं आडगाव, ओझर, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडून आत. घर इंदिरानगरला, त्यामुळे निघाल्या निघाल्या उड्डाणपूल. डिसेंबरचा तिसरा आठवडा असेल, गाडीच्या डिस्प्लेवर ९ अंश, काचेवर दव, मी वायपर मारत स्वेटर-मफलरमध्ये गुंडाळून बसलेला. पुलावर समोर कांद्याची पिकअप, तिनं अचानक ब्रेक मारला, मीही मारला, नेहमीसारखाच, काही पॅनिक वगैरे नाही. आणि पायाखाली एबीएसची खरखर सुरू झाली. साठ-पासष्टच्या स्पीडला, कोरड्या रस्त्यावर, अडीच महिन्यांचे नवे टायर! गाडी थांबली, पिकअपच्या गोण्यांवरचं मार्केटयार्डाचं शिक्क्याचं अक्षर वाचता येईल इतक्या जवळ जाऊन थांबली. पिकअपवाल्याला पत्ताही नाही, तो निघून गेला. मी मात्र पुढे आडगावपर्यंत बैलगाडीच्या स्पीडनं गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण पकड स्वतः तयार करत नाही. पकड ही टायरनंच द्यायची असते, ती नसेल तर एबीएस फक्त जे आहे त्यात भागवून नेतो, घरात शेवटचं अर्धा किलो पीठ असताना आई पोळ्या पातळ लाटते तसं.

पहिला संशय अर्थात धुळीवर. सिंहस्थाची कामं सुरू आहेत, अर्धं शहर खणलेलं, कच आणि बारीक खडी कुठे पसरली असेल सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी त्याच पुलावर मागे कोणी नाही बघून जरा जोरात ब्रेक मारला तर परत तेच. दुपारी परत येताना त्याच पुलाच्या दुसऱ्या बाजूला मारला तर गाडी खिळ्यासारखी उभी. आता सकाळी जेवढी धूळ असते तेवढीच दुपारी पण असते ना.

दुसरा संशय हवेवर, आणि इथे दुकानाचा पहिला अर्धा स्टार गेला. त्यानं टायर बसवले तेव्हा ऑक्टोबरची भर दुपार, गाडी उन्हात उभी, आणि त्यानं ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारून दिली. मी घरी हवा मोजायचा गेज आणला (पाचशे-सातशे रुपयात मिळतो, प्रत्येकानं घ्या, खरंच घ्या) आणि पहाटे गाडी हलवायच्या आधी लावला तर २९, २८, २९, २८. हवा गळत नव्हती. बाहेरचं तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा जवळपास १ पीएसआयनं उतरते, साधं गॅसचं गणित आहे, अकरावीच्या पुस्तकातलं. दुपारच्या ३२-३३ अंशात भरलेली हवा पहाटेच्या ९ अंशात मोजली तर साडेतीन-चार पीएसआय गायब होणारच. वर गाडी चालून आलेली असेल तर टायर आधीच गरम, म्हणजे भरतानाच आकडा फुगलेला. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो हवेचा आकडा असतो तो थंड टायरचा असतो, रात्रभर उभ्या गाडीचा.

आणि मजा म्हणजे डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा एकदाही लागला नाही. माझ्या गाडीतली सिस्टीम चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून बघते, एका चाकात हवा कमी झाली तर ते जास्त फिरतं आणि तिला कळतं. पण चारही पोरं एकाच वेळी नापास झाली तर वर्गात सगळे सारखेच, तिला काही वेगळं दिसतच नाही. त्यामुळे दिव्यावर विसंबून राहू नका. ज्यांच्या चाकात खरा प्रेशर सेन्सर आहे त्यांचं ठीक आहे.

नायट्रोजनचं पण सांगून टाकतो कारण दुकानदारानं तेव्हा सांगितलं होतं की नायट्रोजन भरा साहेब, थंडी-गरमीत फरकच पडत नाही. पडतो. नायट्रोजन काय किंवा साधी हवा काय, तापमानाला दोन्ही जवळपास सारखेच वागतात, साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो की. फायदा आहे तो कोरडेपणाचा, ओलावा नसतो, आणि जरा सावकाश गळतो. एवढ्यासाठी पैसे द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा.

तर हवा पहाटे थंडीत ३३ केली. स्टिअरिंगचा जो एक लिबलिबीतपणा आला होता तो गेला, बरं वाटलं. पण ब्रेक? थोडा फरक, फार नाही. म्हणजे रोग अर्धाच सापडला होता.

मग सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या मित्राकडून ती तापमान मोजायची गन आणली, बेअरिंग तापलंय का बघायला वापरतात ती, लाल ठिपका पडतो आणि आकडा दिसतो. पुढचे तीन शनिवार मी त्या गनसोबत घालवले, बायको म्हणाली टायरला ताप आलाय का. पहाटे पार्किंगमध्ये टायरचा माथा (रस्त्याला टेकतो तो भाग) ११ अंश. उड्डाणपूल उतरल्यावर बाजूला घेऊन बघितलं तर १४-१५. आडगाव ओलांडल्यावर २०. ओझरला चहाला थांबतो तिथे २६-२७. दुपारी परतताना त्याच टायरचा आकडा ४८! आणि रस्ता तर पन्नासच्या वर. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या गनचे, प्रयोगशाळेतले नव्हेत, पण चित्र स्पष्ट आहे. मी ज्या टायरवर दुपारी फिदा होतो आणि ज्या टायरला पहाटे शिव्या घालत होतो त्यांच्यात तीस-पस्तीस अंशांचा फरक होता.

त्यातही तो पूल. जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब असते, पुलाला खालूनही वारा आणि वरूनही वारा, तो आधी गार पडतो. आणि माझा पूल दुसऱ्याच किलोमीटरला. सगळ्यात गार टायर सगळ्यात गार रस्त्यावर, असा योग जुळून आलेला.

आता हे का होतं, ते जरा नीट सांगतो. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आठवा. उन्हाळ्यात पाण्यासारखं असतं, डिसेंबरात बाटली गिझरच्या बादलीत बुडवून ठेवावी लागते. रबराचं साधारण तसंच आहे पण एक मोठा फरक आहे, खोबरेल एका ठरावीक तापमानाला येऊन गोठतं, रबर मात्र हळूहळू, अंशाअंशानं ताठ होत जातं, पार खाली शून्याच्या बरंच खाली गेलं की काचेसारखं कडक होतं. त्या टोकाला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. हिवाळी टायरचं मिश्रण असं बनवतात की हे टोक खूप खाली राहावं, त्यामुळे बर्फातही ते मऊ राहतं. समर परफॉर्मन्सचं टोक त्यामानानं वर असतं, कारण त्याला तापलेल्या डांबरावर, जोरात वळताना, न वितळता, न फाटता टिकायचं असतं. म्हणजे जो गुण मला एप्रिलमध्ये हवा आहे त्याच गुणाचं बिल जानेवारीत येतं.

आणि पकड म्हणजे तरी काय. डांबरी रस्ता जवळून बघितला तर खसखशीसारखा खरखरीत असतो. मऊ रबर त्या बारीक उंचवट्यांभोवती दबून बसतं, परत उसळतं, त्या दबण्या-उसळण्यात शक्ती खर्च होते आणि तीच आपल्याला पकड म्हणून मिळते, शिवाय रबर रस्त्याला अगदी बारीक पातळीवर चिकटतंही. रबर ताठ झालं की ते उंचवट्यांच्या टोकांवरच टेकून राहतं, खाली उतरत नाही. संक्रांतीचा तिळगूळ गरम असताना हाताला कसा चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी तोच लाडू दात पाडतो. पाक तोच, तीळ तेच.

फॉर्म्युला वनवाले उगाच टायरला इलेक्ट्रिक पांघरुणं गुंडाळून ७० अंशांपर्यंत तापवून ठेवत नाहीत. आपले टायर एवढे टोकाचे नसतात अर्थात, पण वंश तोच.

सात अंशांचा एक नियम सगळीकडे सांगितला जातो, की पारा ७ च्या खाली गेला की समर टायर काढा. हा युरोपातला अंगठेनियम आहे. माझा आतेभाऊ श्टुटगार्टला आहे, तो ऑक्टोबर आला की टायर बदलतो आणि ईस्टरनंतर परत बदलतो, त्यांच्याकडे तशी म्हणच आहे ऑक्टोबर ते ईस्टर. तिथे २०१० पासून बर्फ-चिखल असताना हिवाळी टायर नसेल तर दंड होतो आणि आता टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असावं लागतं, नुसतं एम प्लस एस (चिखल-बर्फाची जुनी खूण) लिहिलेलं चालत नाही. त्याला मी व्हिडिओ कॉलवर माझी कहाणी सांगितली तर तो हसला, म्हणे ९ अंशाला रडतोस? पण सात हा काही बटण दाबल्यासारखा आकडा नाही ना. सहाला निसरडा आणि आठला मस्त असं होत नाही. पकड १५ अंशांपासूनच उतरायला लागते, माझ्या अनुभवात तरी, आणि तो जर्मनीत टायर बदलून मोकळा होतो, मी नाशकात तोच टायर घेऊन निफाडला जातो. निफाडचं माहीतच आहे, दर थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात पहिल्या पानावर असतो, लाट आली की ५-६ सहज आणि कधीकधी त्याच्याही खाली. नाशिक शहर त्यापेक्षा दोन-तीन अंश उबदार. म्हणजे मी घरून निघतो ९ अंशांत आणि जातो ६ अंशांकडे.

हे सगळं मी मामांना बागेत शेकोटीपाशी बसून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, काडीनं निखारे हलवले आणि म्हणाले, "अरे मग मण्यांचं पण तेच असतं. थंडी पडली की फुगवण थांबती, साल ताठ होती अन् मग तडा जातो. म्हणून तर पहाटे ठिबक सोडतो, विहिरीचं पाणी कोमट असतं, मुळं जरा उबेत राहत्यात." मी म्हटलं, "मामा, टायरला ठिबक कुठून लावू?" तर म्हणाले, "ठिबक नको लावू, सावकाश ये. द्राक्ष काय पळून चाललंय का." मामी आतून ओरडल्या की चहा गार होतोय.

तड्यावरून आठवलं, काही कंपन्या स्वतःच सांगतात की हे टायर शून्याखाली सात वगैरे गेले तर हलवूही नका, नक्षीला तडे जाऊ शकतात, आधी उबदार जागी ठेवा. नाशिककरांना त्याची काळजी नाही. पण या थंडीत कोणी हौसेनं मनाली-लडाखला हेच टायर लावून गाडी घेऊन निघणार असेल तर जरा विचार करा.

आता माझी ती हौशी चाचणी. आमच्या बाजूला एक नवीन लेआउट पडलंय, रस्ते झालेत, घरं नाहीत. तिथे चुन्याची रेघ मारली आणि पहाटे साडेसहा आणि दुपारी दोन अशा दोन्ही वेळा ६० वरून पूर्ण ब्रेक, तीन-तीन वेळा, हवा दोन्ही वेळी सारखी करून. सकाळी गाडी दुपारपेक्षा अर्ध्या गाडीहून जास्तच पुढे जाऊन थांबली, तीनही वेळा. मग तीन राउंड गल्लीबोळात, हायवेवर वीस मिनिटं फिरून आलो आणि परत मारला, तेव्हा फरक बराच मिटला, पूर्ण नाही. आणि एक गोष्ट जास्त बोचली, पहाटे पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात टाकून जरा ॲक्सिलरेटर दाबला की ट्रॅक्शनचा (चाक घसरतंय हे सांगणारा) पिवळा दिवा लुकलुकायचा, टर्बोचा झटका आला की पुढची चाकं सुटायची, ओल्या फरशीवर चप्पल सुटते तशी. दुपारी तसाच पाय दिला तर दिवा नाही. (सोसायटीच्या वॉचमनला वाटलं मी गाडी शिकतोय. त्यानं दोन सूचनाही केल्या.)

हां, आता दुसरी बाजू, नाहीतर वाचणारा म्हणेल मग घेतलेच कशाला.

पाऊस. हा माझ्यासाठी खरा आश्चर्याचा भाग. समर म्हणजे फक्त कोरडा उन्हाळा असं मला वाटायचं, पण समर टायर म्हणजे उबदार हवेतला टायर, आणि आपला पावसाळा उबदारच असतो की, २३-२४ अंश. जुलैत इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात जो पाऊस असतो त्यात मी यांच्यासोबत चार-पाचदा मुंबईला जाऊन आलो, कसाऱ्याचा घाट उतरताना पहिल्यांदा पोटात गोळा आला नाही. लांब रुंद खाचा आहेत, पाणी कापून बाहेर फेकतात. साचलेल्या पाण्यात ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग हलकं होतं तसं होतंच, तिथे कुठलाच टायर देव नाही, पण जुन्यापेक्षा जमीन-अस्मानाचा फरक. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी गेलो होतो तेव्हा रस्त्यावर ट्रॅक्टरनं आणलेली काळी माती आणि वरून भुरभुर, त्यात मात्र घसरला. त्या लोण्यावर काय टिकणार.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये नाशिक आता चाळीसच्या पलीकडे जातं, आणि समृद्धीवर १२० नं सलग दोन तास चालवलं तरी टायरनं हूं की चूं केलं नाही. तिथे चढायच्या आधी हवा थंड असताना तपासा आणि टायर गरम असताना आकडा वाढला म्हणून काढू नका, तीन-चार पीएसआय वाढणारच, तो हिशेबात धरलेला असतो. पंपावर लोक गरम टायरची हवा काढताना बघितलं की मला आता राहवत नाही, एकदा बोलायला गेलो तर एक काका म्हणाले तुम्ही कुठल्या कंपनीचे.

तोटे अजून दोन. साईडवॉल म्हणजे टायरची बाजू नाजूक, मार्चमध्ये एका खणलेल्या रस्त्यावर डाव्या मागच्या टायरला फुगा आला, लिंबाएवढा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, त्याला दुरुस्ती नसते, टायर फेकायचा. अकरा-बारा हजार मातीत. दुसरं म्हणजे झीज, नक्षी मऊ म्हणून लवकर जाते, साईडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा तीनशेच्या आसपास आहे, जितका आकडा मोठा तितका टायर टिकाऊ असा साधारण अर्थ, आणि रोजच्या वापराचे टायर बघितले तर त्यांच्यावर यापेक्षा बराच मोठा आकडा दिसतो. मायलेजही अर्धा-पाऊण किलोमीटरनं कमी झालं, पण त्यात माझ्या पायाचाही दोष असेल.

दुकानाबद्दल. चांगलं काय, तर टायर ताजे दिले. साईडवॉलवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, मी बघायच्या आधी त्यानंच टॉर्च मारून दाखवले, तीन महिन्यांचे होते. बॅलन्सिंग नीट, वजनं आतल्या बाजूला चिकटवली म्हणजे अलॉय खराब दिसत नाहीत. अलाइनमेंटचा प्रिंट दिला. पोरगा नट आधी हातानं लावत होता आणि मग मशीन, हे बघून बरं वाटलं, नाहीतर काही ठिकाणी थेट मशीन मारतात आणि आटे जातात. चहा दिला, कडक होता.

वाईट काय, तर हवेचं वर सांगितलंच, आणि नायट्रोजनचं. पण मुख्य राग वेगळाच आहे. अर्धा तास त्यानं मला स्पीड रेटिंग समजावलं, म्हणजे टायर जास्तीत जास्त किती स्पीड सोसतो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर आणि डब्ल्यू म्हणजे २७०, अरे बाबा मी द्वारका सर्कलवर पंधरा मिनिटं उभा असतो, मला २७० चं काय करायचंय. ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलतो, तेही सांगितलं. पण एकदाही विचारलं नाही की साहेब तुम्ही गाडी चालवता कधी. पहाटे का रात्री का दिवसा. हा एक प्रश्न विचारला असता तर थंडीतला विषय निघालाच असता. माझ्या वडिलांना चष्मा लावताना डॉक्टरांनी विचारलं होतं की पेपर वाचता का गाडी चालवता, तसं टायरवाल्यानं नको का विचारायला? जानेवारीत मी जाऊन त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला की साहेब, थंडीत टायर घसरतो अशी तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच, बाकी लोक गरमीत टायर फुटतो म्हणून येतात. खरं असेल. इथे बारा महिन्यांपैकी दहा महिने हा प्रश्नच नाही आणि उरलेल्या दोनमध्ये पण उन्हं वर आली की संपला.

म्हणूनच कोणी विचारलं की मग हिवाळी टायर घेऊ का, तर अजिबात नको. पहिलं म्हणजे आपल्याकडे दुकानात सहज मिळणार नाहीत, मिळाले तरी मार्चमध्ये ते लोण्यासारखे झिजतील आणि गरम रस्त्यावर त्यांचंच ब्रेकिंग वाईट. ज्यांचं रोजचंच काम पहाटेचं आहे, दूध, भाजी, पेपर, विमानतळाच्या फेऱ्या, त्यांनी सरळ टूरिंग (रोजच्या वापराचा) किंवा ऑल सीझन (बारमाही) च्या बाजूचा टायर घ्यावा, दुपारची मजा थोडी कमी पण पहाटेचा झटका नाही, आणि टिकेल पण जास्त. माझ्यासारखा आठवड्यातून एकदाच पहाटे जाणारा असेल आणि वळणांची आवड असेल तर घ्या डोळे झाकून, फक्त शनिवारी डोळे उघडे ठेवा.

मी आता काय करतो ते सांगतो. नोव्हेंबर संपता संपता एका पहाटे हवा थंडीत ३३ करून घेतो आणि दर पंधरा दिवसांनी बघतो, मार्च आला की परत एकदा, कारण तेव्हा उलटं होतं. पहिले दहा किलोमीटर पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर, पुलावर वळताना ब्रेक नाही, आधीच स्पीड पाडायचा. लोकांना वाटतं डावी-उजवी नागमोडी गाडी हलवली की टायर तापतात, रेसमध्ये बघितलेलं असतं, आपल्या स्पीडला त्यानं फक्त मागच्याला वाटतं की हा पिऊन चालवतोय. टायर तापतो तो चालताना सारखा दबून-उलगडून, त्याला वेळच द्यावा लागतो. आणि ओझरला चहाला थांबलो की परत निघताना पहिली दोन-तीन किलोमीटर पुन्हा सांभाळून, पंधरा मिनिटं उभी राहिली की टायर लगेच गार पडायला लागतो, गनवर आकडा उतरताना बघितलाय.

गेल्या आठवड्यात रोटेशनला (टायरच्या जागा आलटून-पालटून घ्यायला) गेलो होतो, १९ हजार किलोमीटर झालेत, पुढच्यांची नक्षी ४.८ आणि मागची ६.१ निघाली, फुग्याच्या जागी आलेला नवा टायर ७ च्या वर. आधी एकच नवा बसवून चालवत होतो, आता त्याला मागेच ठेवून जोडीदार नीट जुळवून दिला पोरानं. हवा मारायला लागला तेव्हा मी म्हटलं थांब, टायर गरम आहेत. तो मालकाकडे बघायला लागला. मालक काउंटरवरून म्हणाला, "यांची राहू दे रे, हे घरी पहाटे मोजतात."